खुंट्या आधी, गाव नंतर : अमेरिकी रेल्वेगावांच्या भूखंड-नकाशांचा आढावा

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात डी स्मेट नावाचे एक छोटे गाव आहे. या गावाचा नकाशा गावापेक्षा जुना आहे. १८८० साली रेल्वेशी जोडलेल्या एका जमीनविक्री कंपनीने मोकळ्या माळावर मोजणी करून खुंट्या ठोकल्या, रस्त्यांना नावे दिली, प्लॉटना क्रमांक दिले आणि विक्री सुरू केली. माणसे त्यानंतर आली. मिसिसिपी नदीपासून रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंतच्या गवताळ पट्ट्यात शेकडो गावे अशीच जन्माला आली. आपल्याकडे पांढरीवर आधी घरे उभी राहिली, वाटा पायांनी मळल्या आणि मोजणीदार कित्येक पिढ्यांनी साखळी घेऊन आला. तिथे हा क्रम उलटा होता.

या उलट्या क्रमामुळेच तिथले भूखंड-नकाशे हे इतिहासाचे विलक्षण साधन झाले आहेत. आपले पूर्वज कोणत्या प्लॉटवर राहत होते हे शोधणारी कुटुंबे, रेल्वेचे अभ्यासक, नगररचनेचे इतिहासकार, भूगोलज्ञ, वकील आणि पर्यावरण तपासणारे अभियंते असे सगळेच या कागदांपाशी येतात. प्रत्येकाला हवे ते वेगळे असते आणि म्हणून प्रत्येकाचे वाचनही वेगळे होते. या सगळ्या वाचनांचा एकत्र विचार केला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. भूखंड-नकाशा हे गावाचे चित्र नव्हे. ती विक्रीसाठी केलेली मांडणी आहे, एक आश्वासन आहे. ते कुठे पाळले गेले, कुठे मोडले आणि त्यात कोणाला धरलेच नव्हते, हे इतर कागद शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. ज्या छोट्या गावांचा इतिहास लिहायला कोणी बसत नाही, त्यांच्यासाठी मात्र याहून भरवशाचे साधन क्वचितच सापडेल.

चौकोनांचा देश

रेल्वेच्या आधी मोजणी होती. २० मे १७८५ रोजी अमेरिकी काँग्रेसने जमीन-मोजणीचा कायदा केला आणि ओहायो नदीच्या पश्चिमेकडच्या सरकारी जमिनीवर चौकोनांची जाळी टाकायला सुरुवात झाली. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक टाउनशिप, त्यात एकेका मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. सेक्शनचा चौथा भाग म्हणजे १६० एकर. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकाऱ्याला देऊ केलेली जमीन हीच. सोळाव्या क्रमांकाचा सेक्शन शाळांसाठी राखून ठेवलेला असे.

मोजणीचे साधन होते गंटरची साखळी. तिची लांबी ६६ फूट. ८० साखळ्यांचा मैल होतो आणि १० चौरस साखळ्यांचा एकर. हा हिशेब मराठी वाचकाला परका वाटायचे कारण नाही. आपली शंकू साखळी ३३ फुटांची, म्हणजे गंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी. ३३ फूट बाजूचा चौरस, अर्थात १,०८९ चौरस फूट म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. डकोटाच्या माळावर आणि इंदापूरच्या काळ्या रानात मोजणीची गणिते एकाच घराण्यातली होती. तिथल्या गावांत ६६ फुटी रस्ते वारंवार भेटतात, कारण मोजणीदाराने रस्त्यासाठी एक पूर्ण साखळी सोडलेली असे.

या जाळीची सूत्रे फार लांबून येत. डी स्मेटचा परिसर ज्या पाचव्या मुख्य रेखावृत्तावरून मोजला गेला, त्याचा आरंभबिंदू हजार किलोमीटरहून अधिक दक्षिणेला, अर्कान्सासमधल्या एका दलदलीत १८१५ साली निश्चित केला गेला होता. त्या बिंदूपासून टाउनशिप मोजत मोजत मोजणीदार उत्तरेकडे सरकले. साखळी ताणताना किंवा होकायंत्र वाचताना झालेल्या चुकाही त्यांच्याबरोबर सरकल्या. म्हणून कागदावरचा १६० एकरांचा तुकडा जमिनीवर काही एकर कमी किंवा जास्त भरतो. पृथ्वी गोल आहे आणि चौकोन सपाट, हेही त्यामागचे एक कारण. ती तफावत टाउनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या तुकड्यांत ढकलायची, असा नियमच होता. जुना नकाशा वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही, तर वारशाने आलेल्या जमिनीतले काही एकर कोणीतरी हडपले असा खोटा संशय त्याच्या मनात येतो.

जमीन रेल्वेच्या हाती कशी आली

२० सप्टेंबर १८५० रोजी इलिनॉय सेंट्रल रेल्वेसाठी जमीन देण्याच्या कायद्यावर सही झाली. मार्गाच्या दोन्ही बाजूंना सहा मैलांपर्यंतचे सम क्रमांकाचे सेक्शन, एकूण सुमारे २६ लाख एकर, या रेल्वेच्या वाट्याला आले. मधल्या विषम क्रमांकाच्या सेक्शनांचा दर सरकारने एकरी सव्वा डॉलरवरून अडीच डॉलरवर नेला. रेल्वे आली की जमिनीचे मोल दुप्पट होईल, म्हणजे निम्मी जमीन देऊनही सरकारचे नुकसान होणार नाही, असा हा हिशेब. पुढे १८६२ आणि १८६४ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्यांनी हीच पद्धत खंडभर नेली. १८५० ते १८७१ या काळात संघराज्याने रेल्वे कंपन्यांना दिलेली जमीन सुमारे १३ कोटी एकर भरते. नकाशावर ती बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते : एक घर रेल्वेचे, एक सरकारचे.

१८७१ नंतर अशी खैरात थांबली. ३ मार्च १८७५ च्या कायद्याने रेल्वेला सरकारी जमिनीतून फक्त वाट मिळाली : रुळांच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना शंभर शंभर फूट, आणि दर दहा मैलांमागे एका स्थानकासाठी २० एकर. डकोटाच्या माळावर रेल्वे पसरली ती मुख्यतः या काळात. विकायला फुकटची जमीन नसल्यामुळे कंपन्यांनी दुसरी वाट धरली. स्थानक कुठे होणार हे आधी फक्त त्यांनाच ठाऊक असे. त्या जागेभोवतीची जमीन सोबतची जमीनविक्री कंपनी विकत घेई आणि तिचे प्लॉट पाडी. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेसाठी हे काम वेस्टर्न टाउन लॉट कंपनीने केले, तर मिलवॉकी रेल्वेसाठी मिलवॉकी लँड कंपनीने.

हा खुलासा आवश्यक आहे, कारण 'रेल्वेने गाव वसवले' हे वाक्य स्थानिक इतिहासांत सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात गाव वसवण्याचा आणि त्यातून नफा काढण्याचा व्यवहार बऱ्याचदा वेगळ्या कंपनीच्या नावावर, किंवा रेल्वेच्या संचालकांच्या खासगी मंडळाच्या नावावर होई. इलिनॉय सेंट्रलच्या सनदेतच कंपनीने गावे पाडू नयेत अशी अट होती. तेव्हा तिच्या काही संचालकांनी आणि अधिकाऱ्यांनी स्वतःचे मंडळ काढून स्थानकांजवळ जमिनी घेतल्या. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यातले मालकाचे नाव सर्वांत आधी वाचावे. गावाची खरी कुळकथा तिथे सुरू होते.

गावांचे साचे

इलिनॉय सेंट्रलच्या त्या मंडळाने गावांसाठी एकच नमुना आराखडा वापरला. एका दिशेच्या रस्त्यांना झाडांची नावे, दुसऱ्या दिशेच्या रस्त्यांना क्रमांक. ओक, वॉलनट, चेस्टनट ही नावे गावामागून गाव तशीच येत राहतात. नेब्रास्कात बर्लिंग्टन रेल्वेने स्थानकांची नावे वर्णानुक्रमे लावली : क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झिटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, जुनियाटा, केनेसॉ, लोवेल. नावे आधी ठरली, गावे नंतर झाली.

या साच्यांचा सर्वांत नेटका अभ्यास भूगोलज्ञ जॉन हडसन यांच्या १९८५ च्या ग्रंथात आहे. नॉर्थ डकोटातल्या गावांचे आराखडे तपासून त्यांनी तीन प्रकार दाखवले. पहिल्यात रूळ गावाच्या मधोमध आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर बाजाररस्ते. दुसऱ्यात मुख्य रस्ता रुळांना काटकोनात छेदून पलीकडे जातो. तिसऱ्यात मुख्य रस्ता रुळांपाशी सुरू होतो आणि एकाच बाजूला सरळ निघून जातो. रूळ आणि रस्ता मिळून इंग्रजी टी अक्षराचा आकार होतो.

पहिला प्रकार हळूहळू मागे पडला. मधोमध रुंद रेल्वे-हद्द असली की बाजार दुभंगतो आणि गिऱ्हाइकांना रूळ ओलांडत बसावे लागते. तिसऱ्या प्रकारात धान्याची कोठारे, लाकडाच्या वखारी आणि जनावरांचे कोंडवाडे रुळांलगत, बाजार एका सरळ रस्त्यावर आणि घरे त्याच्या मागे, अशी कामाची विभागणी आपोआप होते. कंपनीच्या दृष्टीने आणखी एक फायदा होता. स्थानकाजवळच्या कोपऱ्यातले प्लॉट सर्वांत महाग विकता येत. आराखड्याचा आकार हा जमिनीच्या भावाचाही आकार होता.

बाजाराचे प्लॉट सामान्यतः २५ फूट रुंद आणि सुमारे १४० फूट खोल असत, घरांचे ५० फूट रुंद. आपल्या मापात बाजाराचा प्लॉट सव्वातीन गुंठ्यांच्या आसपास भरतो. २५ फुटी दर्शनी रुंदीमुळे रस्त्यावर जास्तीत जास्त दुकाने बसत आणि तितकेच गिऱ्हाईक प्लॉट विकत घेत. मागे मालाच्या गाड्यांसाठी गल्ली ठेवलेली असे. दोन गावांमधले अंतरही व्यवहाराने ठरे. शेतकऱ्याने घोडागाडीतून धान्य आणावे, सौदा करावा आणि दिवस मावळायच्या आत घरी परतावे, या हिशेबाने सात ते दहा मैलांवर एक गाव येई.

डी स्मेट : एक आराखडा वाचताना

डी स्मेट हे टी आकाराचे गाव. रूळ दक्षिणेला पूर्व-पश्चिम जातात आणि कॅल्युमेट अव्हेन्यू हा मुख्य रस्ता तिथून उत्तरेकडे निघतो. बेल्जियन जेझुइट धर्मोपदेशक पिएर-जाँ डी स्मेट यांचे नाव गावाला दिले गेले. पाश्चात्त्य बालसाहित्यात या गावाला जे स्थान आहे, ते लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या कादंबऱ्यांमुळे. त्यांचे वडील चार्ल्स इंगल्स १८७९ मध्ये रेल्वेच्या कामाच्या तळावर हिशेबनीस होते. त्या हिवाळ्यात हे कुटुंब मोजणीदारांच्या घरात राहिले. ते घर आजही गावात जपलेले आहे. पुढे इंगल्स यांनी गावात प्लॉट घेऊन इमारत उभी केली आणि गावापासून मैलभरावर शेतजमिनीवर हक्क नोंदवला.

असा साहित्यिक पुरावा हाताशी असल्यामुळे डी स्मेट हे नकाशा आणि आठवण पडताळून पाहण्याचे उत्तम ठिकाण झाले आहे. वाइल्डर यांनी सहा दशकांनंतर लिहिलेल्या कादंबऱ्यांत कोणते दुकान कोणाशेजारी होते याची वर्णने येतात. अभ्यासकांनी ती प्लॉटच्या खरेदीखतांशी लावून पाहिली, तेव्हा काही बरोबर निघाली आणि काही कथेच्या सोयीसाठी बदललेली. कादंबरीकाराला तो अधिकार आहेच. पण खरेदीखतावरचा 'अमुक ब्लॉक, अमुक प्लॉट' हा मजकूर पायाशी नसता, तर आठवण आणि घटना यांतला फरक कोणाला कळलाच नसता.

आराखड्यात गावाचे दुबळेपणही वाचता येते. सगळे गाव एका रुळाला टांगलेले. १८८०-८१ च्या हिवाळ्यात हिमवादळांनी मार्ग महिनोन् महिने बंद पडला आणि कोळसा, पीठ, रॉकेल काहीच येईना. आधीच्या पिढीतल्या वसाहती नदीकाठी, लाकूड आणि पाणी पाहून वसल्या होत्या. रेल्वेगाव स्थानकाची सोय पाहून वसले. शेजारच्या ब्रुकिंग्ज परगण्यात मेडारी, फाउंटन आणि ओकवुड या जुन्या वस्त्यांना रेल्वेने टाळले, तेव्हा तिथल्या लोकांनी १८७९ मध्ये इमारती उचलून नव्या रेल्वेगावांत आणल्या. लाकडी घर घसरगाड्यांवर ठेवून बैलघोड्यांनी ओढत नेता येते. म्हणून जुन्या वस्तीच्या नकाशावरचे दुकान काही महिन्यांत मैलोगणती दूर दुसऱ्या नकाशावर सापडते.

नकाशांचे थर

मूळ आराखडा हा पहिला थर. तो परगण्याच्या नोंदणी कार्यालयात दाखल होतो. त्यावर मोजणीदाराचे प्रमाणपत्र असते आणि रस्ते व गल्ल्या लोकांच्या वापरासाठी सोडल्याचे मालकाचे निवेदनही असते. पुढे गाव वाढले की 'पहिली वाढ', 'दुसरी वाढ' अशी पुरवणी पाने जोडली जातात. गाव कोणत्या वर्षी कुठल्या बाजूला फुगले हे त्यांच्या तारखांवरून समजते.

दुसरा थर परगण्यांच्या नकाशापुस्तकांचा. अल्फ्रेड अँड्रियास यांनी १८७४ मध्ये मिनेसोटाचे, १८७५ मध्ये आयोवाचे आणि १८८४ मध्ये डकोटाचे मोठे नकाशापुस्तक काढले. अशी पुस्तके आगाऊ वर्गणीवर विकली जात आणि जादा पैसे देणाऱ्या शेतकऱ्याच्या घराचे चित्रही छापले जाई. त्यामुळे पानावर सुबत्ता नेहमीच जास्त दिसते. उंचावरून पाहिल्यासारखी काढलेली विहंगम चित्रेही याच जातीची. त्यांत झाडे उंच, रस्ते स्वच्छ आणि प्रत्येक धुराड्यातून धूर. गावाने स्वतःकडे कसे पाहिले, याचा पुरावा म्हणून ती मोलाची आहेत. किती घरे होती हे मोजायला ती पुरेशी नाहीत.

तिसरा थर आग-विम्याच्या नकाशांचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत सकस. डॅनियल सॅनबॉर्न यांनी १८६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या कंपनीने अमेरिकेतल्या सुमारे १२ हजार गावांचे आणि शहरांचे नकाशे काढले. एका इंचाला ५० फूट असे प्रमाण. विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी, दगडी निळी. भिंतीची जाडी, छपराचा प्रकार, खिडक्या, शेगडी कुठे, पाण्याचा नळ कुठे, रात्री पहारेकरी असतो की नाही, हे सगळे त्यावर लिहिलेले. विमा कंपनीच्या माणसाला गावात न जाता धोका जोखता यावा यासाठी ही धडपड. २५ फुटी प्लॉटवर खेटून उभ्या असलेल्या लाकडी दुकानांत एक ठिणगी पुरेशी असे. गाव बदलले की नवा नकाशा निघे, किंवा जुन्यावर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या डकवल्या जात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे अशी सुमारे सात लाख पाने आहेत आणि त्यांतले पुष्कळसे आता घरबसल्या पाहता येतात. एकाच गावाची चार-पाच वर्षांच्या अंतराची पाने ओळीने लावली, की पिवळ्याची जागा गुलाबी कशी घेते, म्हणजे गाव कधी सुस्थितीत आले, हे नुसत्या डोळ्यांनी दिसते.

चौथा थर रेल्वेच्या मूल्यांकन-नकाशांचा. १९१३ च्या कायद्याने सरकारने प्रत्येक रेल्वेच्या मालमत्तेची किंमत ठरवायला घेतली आणि त्यासाठी कंपन्यांकडून रेल्वे-हद्दीचे तपशीलवार नकाशे करवून घेतले. कोणता तुकडा कोणाकडून, कधी आणि कोणत्या दस्ताने घेतला, याची नोंद त्यांत असते. ते राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. स्थानक, मालधक्का आणि पाण्याची टाकी यांचा इतिहास लिहिणाऱ्याला यांच्यावाचून गत्यंतर नाही.

या चारही थरांखाली सरकारी मोजणीच्या मूळ वह्या असतात. त्यांत गवत, पाणथळी, ओढे, झाडे आणि जुन्या पायवाटा यांच्या नोंदी सापडतात. नांगर लागण्यापूर्वीचा माळ कसा होता, याचे इतके सलग वर्णन दुसऱ्या कुठल्या कागदात क्वचितच मिळते.

नकाशात नसलेली माणसे

आराखड्यावरची जमीन कोरी दिसते. ती कोरी नव्हती. बिग सू आणि मिझुरी या नद्यांमधला ११ दशलक्ष एकरांहून मोठा प्रदेश यँक्टन लोकांनी १८५८ च्या कराराने सोडला आणि स्वतःकडे एक छोटी राखीव जागा ठेवली. तो करार कोणत्या दबावाखाली झाला, त्यांच्या वाटा, शिकारीच्या जागा आणि पाणवठे कुठे होते, यांतले काहीही प्लॉटच्या नकाशावर उतरलेले नाही. करार आणि आराखडा यांत अवघ्या २२ वर्षांचे अंतर आहे. डी स्मेटचा इतिहास १८८० पासून सुरू करणारे प्रत्येक पुस्तक म्हणूनच अपुरे आहे.

पश्चिमेकडच्या गावांच्या विमा-नकाशांवर चिनी लोकांच्या घरांवर आणि धोबीखान्यांवर त्यांच्या वंशाचा शिक्का असे, नाव नसे. शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या इमारतीवर मात्र धंदा लिहिलेला असे. धोक्याची मोजदाद करणाऱ्या कागदात वंश हाही एक धोका मानला गेला होता, हे त्यावरून उघड होते.

कॅन्ससमधल्या निकोडेमसची कहाणी आणखी बोलकी आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांसाठी १८७७ मध्ये या गावाचा आराखडा झाला आणि केंटकीहून कुटुंबे माळावर आली. त्यांनी पहिला हिवाळा जमिनीत खोदलेल्या घरांत काढला, शाळा आणि चर्च बांधले, वर्तमानपत्रे चालवली आणि रेल्वे येण्याची वाट पाहिली. १८८८ मध्ये रेल्वेने गाव टाळले. रूळ नदीच्या पलीकडून गेले आणि दुकाने त्यांच्यामागे गेली. निकोडेमसचा आराखडा आणि डी स्मेटचा आराखडा शेजारी ठेवले तर कागद सारखेच दिसतात : सरळ रस्ते, क्रमांकांचे प्लॉट, मोठ्या आशा. फरक पडला तो रुळांमुळे, आणि रूळ कुठून जाणार हे ठरवण्याची ताकद त्या लोकांच्या हाती नव्हती. १९९६ मध्ये निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. मूळच्या कुटुंबांचे वंशज अजूनही दर उन्हाळ्यात तिथे जमतात.

जुना कागद, आजचा कायदा

हे नकाशे संग्रहालयात निवृत्त झालेले नाहीत. डी स्मेटसारख्या गावात आजही घर विकताना दस्तात मूळ आराखड्याचा ब्लॉक आणि प्लॉट क्रमांक लिहितात. कागदावर सोडलेला पण कधीच न बांधलेला रस्ता आजही लोकांच्या हक्काचा असू शकतो आणि तो रद्द करायला रीतसर ठराव लागतो. जमीन घेण्यापूर्वी तिथे पूर्वी पेट्रोलची टाकी, रंगाचा कारखाना किंवा गॅसघर होते का, हे पाहायला अभियंते विमा-नकाशे उघडतात. मातीतले विष शंभर वर्षांनंतरही त्रास देते.

२०१४ मध्ये १८७५ चा कायदा थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. वायोमिंगमधल्या फॉक्स पार्क येथे रेल्वेने मार्ग सोडून दिल्यावर ती पट्टी कोणाची, असा प्रश्न होता. १८७५ च्या कायद्याने रेल्वेला मिळाला तो फक्त वहिवाटीचा हक्क, रेल्वे गेली की तो संपतो, आणि जमीन तिच्या मालकाकडे मोकळी होते, असा निकाल न्यायालयाने दिला. बंद रेल्वेमार्गांवर सायकलवाटा करू पाहणाऱ्यांना त्याचा फटका बसला. १८७५ च्या एका ओळीचा अर्थ १३९ वर्षांनी ठरला. जुने मोजणीचे कागद नीट जपावेत यासाठी दुसरे कारण शोधण्याची गरज नाही.

आपल्याकडची रेल्वेगावे

महाराष्ट्रात रेल्वे आली ती वेगळ्या अटींवर. १८४९ च्या करारानुसार ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी आणि मार्गासाठी लागणारी जमीन विनामूल्य मिळाली. पण ती जमीन रेल्वेच्याच कामासाठी होती. प्लॉट पाडून गावे विकण्याचा धंदा तिच्यासाठी नव्हता. त्यामुळे इगतपुरी, मनमाड आणि भुसावळ इथे आराखड्यातले गाव उभे राहिले ते रेल्वे-हद्दीच्या आत : बंगले, चाळी, दवाखाना, इन्स्टिट्यूट. हद्दीबाहेरचा बाजार ज्याने त्याने जागा धरून वाढवला. एकाच गावात दोन शिस्ती शेजारी नांदल्या. आजही भुसावळात फिरताना हद्दीची ती रेघ ओलांडल्याचे पायांना कळते.

अशा गावाचा इतिहास लिहायला लागणारे कागद आपल्याकडेही आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीची टिपणे, फाळणीचे नकाशे, गावनकाशे, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२६ खाली झालेल्या सिटी सर्व्हेच्या शीट आणि मिळकत पत्रिका, भूसंपादनाचे निवाडे, रेल्वेचे हद्दीचे नकाशे. यांतले बरेच भूमी अभिलेख विभागाने स्कॅन केले आहे, आणि एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेमुळे गावठाणांचे ड्रोनने काढलेले नकाशे तयार होत आहेत. उणीव आहे ती हे थर एकमेकांवर ठेवून वाचण्याची. आपण नकाशा काढतो तो वाद सुरू झाल्यावर, आणि वाद मिटला की तो परत दप्तरात जातो.

अमेरिकी अनुभवाचा निष्कर्ष मला तीन वाक्यांत मांडावासा वाटतो. एकाच नकाशावर गावाचा इतिहास लिहू नये, कारण प्रत्येक नकाशा कोणाच्या तरी कामासाठी काढलेला असतो. दोन नकाशांत विसंगती दिसली तर तिला चूक म्हणून सोडून देऊ नये, बहुतेक वेळा खरी हकिगत तिथेच असते. आणि जे नकाशात नाहीत त्यांच्यासाठी करार, जनगणना, वर्तमानपत्रे आणि लोकांच्या तोंडच्या आठवणी शोधल्याच पाहिजेत.

म्हणून रेल्वेगावांत राहणाऱ्या वाचकांना, शिक्षकांना, ग्रंथालयांना आणि महाविद्यालयांच्या भूगोल विभागांना विनंती आहे. आपल्या गावच्या एकाच पेठेपासून सुरुवात करा. तिचा जुना सर्व्हे नंबर, टिपण, सिटी सर्व्हेचे शीट आणि रेल्वेची हद्द एका टेबलावर आणा, जुन्या रहिवाशांना बोलवा आणि ते काय सांगतात ते तारीख घालून लिहून ठेवा. भूमी अभिलेख विभागाने आणि रेल्वेनेही शंभर वर्षांपेक्षा जुने नकाशे अभ्यासकांना अर्ज-विनंत्यांविना पाहता येतील असे खुले करावेत. गावांची ही मूळ कागदपत्रे त्या गावांच्याच मालकीची आहेत.